तळमजल्यावरचे नूतनीकरण : घाटकोपरच्या सिद्धी साई इमारतीचे प्रकरण

मुंबईत घाटकोपर पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या दामोदर पार्क परिसरात सिद्धी साई ही चार मजली इमारत होती. २५ जुलै २०१७ रोजी सकाळी पावणेअकराच्या सुमारास ती कोसळली आणि एका तान्ह्या बाळासह १७ जण मृत्युमुखी पडले. इमारत सुमारे पस्तीस वर्षांची होती, म्हणजे मुंबईच्या मानाने फार जुनी नव्हती, आणि पालिका दर पावसाळ्यापूर्वी जाहीर करते त्या अतिधोकादायक इमारतींच्या यादीत तिचे नाव नव्हते. वरच्या मजल्यांवर कुटुंबे राहत होती. तळमजल्यावर पूर्वी एक नर्सिंग होम चालत असे; ते बंद झाले होते आणि त्या जागेत नूतनीकरणाचे काम चालू होते.

वाचलेल्या रहिवाशांचे म्हणणे असे होते की या कामात तळमजल्यावरील कॉलमना हात लावला गेला, आणि त्यांनी हरकत घेऊनही काम थांबले नाही. पोलिसांनी त्या जागेच्या मालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवून त्याला अटक केली, तर मुख्यमंत्र्यांनी पालिका आयुक्तांना चौकशी करण्याचे आदेश दिले. या कामासाठी परवानगी घेतलेली नव्हती, असे पालिकेकडून त्या वेळी सांगण्यात आले.

बेकायदा बांधकाम म्हटले की आपल्याकडे वाढीव मजला, गच्चीवरची शेड, आत घेतलेली बाल्कनी किंवा फुटपाथवर सरकलेले दुकान डोळ्यांपुढे येते. सिद्धी साईत यांपैकी कशाचाच आरोप नव्हता. चटईक्षेत्र चोरल्याची तक्रार नव्हती, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला काही बदलल्याचे दिसलेही नसते. काम स्वतःच्या मालकीच्या जागेत, चार भिंतींच्या आत चालले होते. घराच्या किंवा दुकानाच्या आतल्या कामाला कसली आली परवानगी, ही समजूत सर्वत्र इतकी रुजलेली आहे की परवानगी कधी लागते हा प्रश्न तपासायला हेच प्रकरण सर्वांत उपयोगी आहे, असे मला वाटते.

कायद्याची रेघ

मुंबईत या प्रश्नाचे उत्तर मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मध्ये आहे. नवी इमारत बांधायची असेल तर कलम ३३७ लागू होते. उभ्या असलेल्या इमारतीत भर घालायची, फेरफार करायचा किंवा तिचा काही भाग काढून पुन्हा बांधायचा असेल तर कलम ३४२. दोन्ही कलमांची रचना एकच आहे, ती अशी की काम सुरू करण्यापूर्वी मालकाने आयुक्तांना नोटीस द्यायची, सोबत नकाशे जोडायचे आणि पालिकेची संमती किंवा अटी हाती आल्यावरच काम सुरू करायचे. व्यवहारात आपण यालाच परवानगी म्हणतो.

कलम ३४२ मध्ये एक सूट आहे आणि ती प्रत्यक्षात फार मोठी आहे. ज्याला ठेकेदारांपासून वकिलांपर्यंत सगळे ‘टेनंटेबल रिपेअर्स’ म्हणतात, त्या किरकोळ दुरुस्तीला नोटीस लागत नाही. तिच्यात काय येते हे कायद्यानेच मोजून सांगितले आहे: भिंतींना किंवा इमारतीचा भार पेलणाऱ्या भागांना गनायटिंग (दाबाने सिमेंट-वाळूचे मिश्रण फवारणे) करणे, प्लास्टर, रंग आणि पॉइंटिंग (विटांचे सांधे भरणे), फरशा बदलणे, संडास, न्हाणीघर आणि धुण्याच्या जागेची दुरुस्ती, सांडपाण्याचे पाइप, नळ, मॅनहोल आणि तत्सम जोडण्यांची दुरुस्ती वा बदल, पाण्याच्या आणि विजेच्या फिटिंगची कामे, आणि छप्पर त्याच प्रकारच्या साहित्याने बदलणे. सर्वसाधारण कुटुंब आयुष्यात आपल्या घरात जे काम करते, त्यातले बहुतेक या यादीत बसते.

त्याच स्पष्टीकरणात पुढे या सवलतीत काय येत नाही तेही दिले आहे, आणि हा भाग मात्र सहसा कोणी वाचत नाही. अस्तित्वात असलेल्या बांधकामाच्या आडव्या किंवा उभ्या मापात बदल, भार पेलणारा कोणताही भाग किंवा भारवाहक भिंत काढणे अथवा बदलणे, जोते, पाया किंवा जमीन खाली घेणे, पोटमाळा नव्याने घालणे किंवा वाढवणे, आणि उतरते छप्पर सपाट करणे किंवा वेगळ्या साहित्याने दुरुस्त करणे, या कामांना सूट नाही. काम आत आहे की बाहेर, लहान आहे की मोठे, एक दिवसाचे की एक महिन्याचे, जागा मालकीची की भाड्याची, यांतल्या कशालाही येथे महत्त्व नाही. एका गाळ्यातील एक कॉलम तासाभरात फोडला तरी त्याला परवानगी लागते. उलट संपूर्ण घराचा गिलावा काढून नवा केला, त्यासाठी दोन महिने लागले आणि दहा लाख रुपये खर्च झाले, तरी लागत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच विषयाकडे दुसऱ्या बाजूने पाहतो आणि गैरसमजाला काही प्रमाणात तोच कारणीभूत आहे. त्याच्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय विकास करता येत नाही, पण इमारतीच्या केवळ अंतर्भागावर परिणाम करणारी किंवा तिच्या बाह्य स्वरूपात ठळक बदल न करणारी देखभालीची, सुधारणेची व फेरफाराची कामे त्यातून वगळली आहेत. नगररचनेच्या दृष्टीने ते ठीकच आहे, कारण त्या कायद्याला जमिनीचा वापर आणि शहराचा आराखडा पाहायचा असतो. परंतु ‘आतल्या कामाला परवानगी नको’ एवढेच वाक्य त्यातून उचलून सांगणारा सल्लागार निम्माच कायदा सांगत असतो, कारण इमारत पडू नये याची काळजी पालिकेच्या अधिनियमात घेतलेली आहे आणि एका कायद्यातील सूट दुसऱ्या कायद्याला लागू पडत नाही. शिवाय जागेचा मंजूर वापरच बदलायचा असेल, उदाहरणार्थ रुग्णालयाच्या जागेत वेगळा व्यवसाय सुरू करायचा असेल, तर एकही वीट न हलवता परवानगीचा प्रश्न उभा राहतो.

मुंबईबाहेर कायद्याचे नाव बदलते, तत्त्व बदलत नाही. इतर महानगरपालिकांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमे २५३ आणि २५४ हेच काम करतात आणि काही क्षेत्रे वगळता उरलेल्या राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. या नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांवरील छोट्या बांधकामांची परवानगी बरीच सोपी केली. पण सवलत प्रक्रियेत मिळाली आहे. कॉलम काढायला ती उपयोगी नाही.

कॉलम काढल्यावर बीमचे काय होते

कायद्याने भार पेलणारे भाग वेगळे का काढले, हे समजण्यासाठी अशा इमारतीतून भार खाली कसा येतो ते पाहावे लागते. स्लॅबचा भार बीमवर, बीमचा कॉलमवर आणि कॉलमचा पायावर. चार मजली इमारतीत तळमजल्याचा कॉलम वरच्या सर्व मजल्यांचा आपल्या वाट्याचा भार घेऊन उभा असतो, म्हणून संपूर्ण इमारतीत सर्वांत जास्त ताण त्याच्यावर येतो. नेमकी याच मजल्यावर दुकाने, दवाखाने, शोरूम आणि बँका असतात, आणि मधला कॉलम नको, हॉल मोकळा हवा, ही मागणीही याच मजल्यावर होते. हा योगायोग घातक आहे आणि आपल्या शहरांत तो गल्लोगल्ली आढळतो.

मधला कॉलम काढला की बीमचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, दुप्पट होतो. बीमला वाकवणारा जोर गाळ्याच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तो ढोबळमानाने चौपट होतो. एवढेच असते तरी अनर्थाला पुरेसे होते, पण येथे आणखी एक गोष्ट घडते आणि ती बाहेरून दिसत नाही. कॉलमच्या डोक्यावर बीम वरच्या बाजूने ताणला जातो, म्हणून तेथे जास्तीच्या सळ्या वर टाकलेल्या असतात. कॉलम गेला की तीच जागा लांब गाळ्याचा मध्य बनते आणि ताण खालच्या बाजूला येतो, जेथे त्या ताणासाठी पुरेशा सळ्या घातलेल्याच नसतात. काँक्रीट दाब चांगला सोसते, ताण जवळजवळ सोसत नाही. वरच्या मजल्यांवरचे कॉलम तर त्याच बीमवर टेकलेले असतात; त्यांचा भार आता शेजारच्या कॉलमकडे वळतो, जे त्या भारासाठी आखलेले नव्हते.

लोखंडी टेकू किंवा जॅक लावून कॉलमजवळ काम करता येते, आणि अभियंते जॅकेटिंगच्या (कॉलमभोवती नवा थर चढवून तो मजबूत करण्याच्या) वेळी तसे करतातही. मात्र किती टेकू, कोठे, कोणत्या क्रमाने, त्यांच्याखाली भार पसरवणारी प्लेट किती मोठी आणि ते कधी काढायचे, याचा हिशेब आधी मांडावा लागतो. तो हिशेब नसेल तर टेकू म्हणजे मुकादमाने मनाला बरे वाटावे म्हणून उभा केलेला खांब असतो. कॉलम पूर्ण काढण्याचीही गरज नसते. त्याचे कव्हर, म्हणजे सळ्यांवरचा काँक्रीटचा थर, फोडून सळ्या उघड्या केल्या, पाइप नेण्यासाठी एका बाजूने चिपिंग केले किंवा भिंत सपाट दिसावी म्हणून कोपरा छाटला, तरी भार पेलणारे क्षेत्र कमी होते.

सूट मिळालेल्या कामांतही एक जागा अशी आहे जिथे मला कायद्याचे शब्द अपुरे वाटतात. फरशी बदलणे सूट-यादीत आहे, पण जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी बसवणे, किंवा न्हाणीघराची जमीन उचलून विटांच्या तुकड्यांचा कोबा घालणे, ही कामेही लोक त्याच नावाखाली करतात. शंभर मिलिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जाते. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानक ८७५ मध्ये माणसे आणि सामानसुमान यांचा जो भार धरला जातो तो दर चौरस मीटरला दोन किलोन्यूटन, म्हणजे जवळपास तेवढाच आहे. एका न्हाणीघरापुरते हे खपून जाते; एकाच रांगेतील सर्व मजल्यांवर, वर्षानुवर्षे, प्रत्येक नव्या मालकाने थोडी थोडी भर घातली की खपत नाही. काटेकोर अर्थ लावायचा तर जमिनीची उंची वाढणे हा उभ्या मापातला बदल मानता येईल, पण त्या कारणाने कोणी फरशीसाठी पालिकेत गेल्याचे ऐकिवात नाही.

हाच साचा पूर्वीही

घाटकोपरच्या आधी मुंबईने हे दोनदा तरी पाहिले होते. १८ जुलै २००७ रोजी बोरिवलीतील लक्ष्मी छाया ही सात मजली इमारत कोसळून पंचवीसहून अधिक माणसे गेली. तळमजल्यावरील दागिन्यांच्या दुकानात नूतनीकरण चालू होते आणि कॉलमना धक्का लावल्याचा आरोप तेथेही झाला. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावात डॉकयार्ड रोडजवळ बाबू गेनू मंडईची इमारत पडली आणि ६१ जणांचा मृत्यू झाला. ती इमारत तर पालिकेचीच होती आणि वर पालिकेच्या कर्मचाऱ्यांची कुटुंबे राहत होती. तळमजल्यावर एका सजावट व्यावसायिकाचे गोदाम होते व त्याने आत परवानगीशिवाय फेरफार करून पोटमाळा घातल्याचा आरोप झाला. तिन्ही ठिकाणी फेरफाराची जागा तळमजला होती, वापर व्यावसायिक होता आणि प्राण गेले ते मुख्यतः वर राहणाऱ्यांचे. काम करणाऱ्याचा लाभ आणि कामाची जोखीम अशी दोन वेगळ्या माणसांच्या वाट्याला येते, म्हणूनच ‘माझी जागा, माझे काम’ हा युक्तिवाद सामायिक इमारतीत टिकत नाही.

परवानगी मागितली असती तर

कलम ३४२ खालील प्रस्ताव मालकाला स्वतः देता येत नाही; वास्तुविशारद किंवा लायसन्स्ड सर्व्हेयरमार्फत तो सादर होतो. सोबत सध्याच्या आणि प्रस्तावित स्थितीचे नकाशे, मालकीची कागदपत्रे, सोसायटीचे ना-हरकत पत्र आणि भार पेलणाऱ्या भागांना हात लागणार असेल तर नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा हिशेब व स्थैर्याचे प्रमाणपत्र लागते. पालिकेच्या खिडकीवरील दिरंगाई आणि इतर अडचणी सर्वांना ठाऊक आहेत आणि त्यांची तरफदारी करण्याचे काही कारण नाही. तरीही या फाइलचे खरे मोल पालिकेच्या शिक्क्यात नसून, हातोडा पडण्यापूर्वी एका जबाबदार अभियंत्याला त्या कॉलमसमोर उभे राहावे लागते आणि स्वतःच्या परवान्याच्या जोरावर सही करावी लागते, यात आहे. सही करायची वेळ आली की बहुतेक अभियंते कॉलम काढायला नकार देतात, किंवा आधी पोलादी चौकट उभारून मग काढा असे सांगतात. त्या चौकटीचा खर्च ऐकल्यावर मालकाला मधला कॉलम अचानक तेवढा खुपेनासा होतो.

सध्याच्या व्यवस्थेतील कच्चा दुवा असा की आपले काम रेघेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे ते काम सुरू करणारा स्वतःच ठरवतो. किरकोळ दुरुस्तीसाठी पालिकेला काही कळवावे लागत नसल्यामुळे, भार पेलणारा कॉलम फोडणाराही ‘रंगरंगोटी चालू आहे’ असे सांगून मोकळा होतो. ठेकेदाराला बीम आणि सजावटीची पट्टी यांतला फरक कळतो, पण त्याचा हिशेब चौरस फुटांत असतो. अंतर्गत सजावटकाराच्या चित्रात कॉलम अनेकदा दिसतच नाही.

सोसायटीचे आदर्श उपविधी याच फटीत उभे राहतात. समितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय सभासदाने गाळ्यात भर घालू नये किंवा फेरफार करू नये, असे ते सांगतात. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) करावे, असेही त्यांत आहे. मुंबईच्या अधिनियमातील कलम ३५३-ब तीस वर्षांवरील इमारतींना स्थैर्य प्रमाणपत्र वेगळे बंधनकारक करते. पण ऑडिट त्या दिवसाची स्थिती सांगते. मार्चमध्ये निर्दोष ठरलेल्या इमारतीचा कॉलम जूनमध्ये फुटला तर तो अहवाल कपाटातच राहतो. त्यामुळे समितीने काम सुरू होण्याआधी नकाशा मागणे, कॉलम आणि बीम रंगीत पेन्सिलने दाखवून घेणे आणि मलब्याच्या गोण्यांत विटा आहेत की सळ्या लागलेले काँक्रीट हे पाहणे, एवढे साधे उपायही ऑडिटपेक्षा लवकर इशारा देतात. तळमजल्याचा मालक वजनदार असेल तर समितीतील निवृत्त गृहस्थ हे करू धजत नाहीत, हीही वस्तुस्थिती आहे. म्हणून ही जबाबदारी फक्त समितीवर टाकणे मला पटत नाही.

दंडाची भीती म्हणावी तर १९६६ च्या अधिनियमातील कलम ५२ मध्ये अनधिकृत विकासासाठी एक महिना ते तीन वर्षे कारावास आणि दोन हजार ते पाच हजार रुपये दंड आहे. मुंबईत तळमजल्याच्या व्यावसायिक जागेचे एका महिन्याचे भाडे लाखांत जाते, तेव्हा पाच हजारांचा दंड कोणाला थांबवणार?

तक्रार कधी आणि कशी

चालू असलेले काम थांबवण्यासाठी कलम ३५४-अ आहे. त्याखाली पदनिर्देशित अधिकारी काम थांबवण्याची नोटीस देतो आणि चोवीस तासांत परवानगी दाखवता आली नाही तर पालिका कारवाई करू शकते. काम पूर्ण झालेले असेल तर मात्र कलम ३५१ चा मार्ग घ्यावा लागतो, ज्यात सात दिवसांत कारण दाखवण्याची संधी द्यावी लागते. हा भेद किती महत्त्वाचा आहे ते पाली हिलवरील कंगना रनौत यांच्या बंगल्याच्या प्रकरणात दिसले. पालिकेने ३५४-अ ची नोटीस देऊन ९ सप्टेंबर २०२० रोजी आतील बांधकाम पाडले. मुंबई उच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर २०२० रोजी ती कारवाई रद्द ठरवली, कारण जे काम आधीपासून अस्तित्वात होते त्याला चालू काम ठरवून चोवीस तासांचा मार्ग वापरता येत नाही आणि कारवाईमागचा हेतूही न्यायालयाला शुद्ध वाटला नाही. अनधिकृत बांधकामाचे आपण समर्थन करत नाही, हेही न्यायालयाने त्याच निकालात नमूद केले.

रहिवाशांच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. खालच्या मजल्यावर हातोडे चालू असतानाच तक्रार गेली तर कायद्याचा जलद मार्ग खुला असतो. वर नवे प्लास्टर आणि फॉल्स सीलिंग चढल्यावर तोच विषय सुनावण्यांत अडकतो आणि झाकलेला कॉलम तपासणेही अवघड होऊन बसते. घाटकोपरसारख्या ठिकाणी अर्ज एन विभाग कार्यालयातील इमारत व कारखाने खात्याकडे द्यावा लागतो, आणि त्यात ‘अनधिकृत काम चालू आहे’ एवढेच लिहिले तर पाहणीला येणारा अभियंता रंगाचे डबे पाहून परत जाऊ शकतो. म्हणून कोणत्या गाळ्यात, प्रवेशद्वारापासून कितव्या कॉलमला, कोणत्या तारखेपासून काय केले जात आहे, वरच्या घरांत कोणत्या भिंतीला तडे दिसू लागले, कोणती दारे अडकू लागली, हे छायाचित्रांसह लिहून त्याची पोच घ्यावी. कॉलमच्या सळ्या उघड्या दिसत असतील किंवा तडा दिवसागणिक रुंदावत असेल, तर अर्जाच्या उत्तराची वाट न पाहता आपत्कालीन नियंत्रण कक्षाच्या १९१६ या क्रमांकावर कळवून वरचे मजले रिकामे करावेत.